विक्रमी भाषणापलीकडचे कृष्ण मेनन

सामान्यज्ञानाच्या स्पर्धांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सर्वाधिक काळ चाललेले भाषण कोणाचे? उत्तर ठरलेले असते : व्ही. के. कृष्ण मेनन, जानेवारी १९५७, विषय काश्मीर, कालावधी जवळपास आठ तास. उत्तर बरोबर येते, गुण मिळतात आणि स्पर्धक पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या भाषणानंतर झालेल्या मतदानात भारताच्या बाजूने किती हात वर झाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मुंबई-पुण्यातील शाळा-महाविद्यालयांमध्ये ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’, म्हणजेच संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभा आता चांगल्याच रुजल्या आहेत. या सभांमध्ये मेनन यांचे नाव हमखास निघते. विद्यार्थ्याला एखाद्या देशाचे प्रतिनिधित्व दिले जाते. तो देश त्याचा स्वतःचा असेलच असे नाही. त्याने त्या देशाच्या भूमिकेचा अभ्यास करायचा, टिपण तयार करायचे, वक्त्यांच्या यादीत नाव नोंदवायचे आणि मिनिटा-दीड मिनिटात आपली बाजू मांडायची. मग सभा काही काळ तहकूब होते आणि खरे काम सुरू होते. घोळक्याघोळक्याने चर्चा होतात, ठरावाचे मसुदे लिहिले जातात, एखाद्या शब्दावरून वाद होतात, दुरुस्त्या स्वीकारल्या जातात आणि अखेरीस मतदान होते. या उपक्रमाची मुळे संयुक्त राष्ट्रांच्याही आधीची आहेत. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि १९२०च्या दशकातच अमेरिकेतील विद्यापीठांतून त्याच्या नमुना सभा भरू लागल्या. १९४५ नंतर राष्ट्रसंघाची जागा संयुक्त राष्ट्रांनी घेतली आणि विद्यार्थ्यांनीही आपल्या सभांचे नाव बदलले.

व्यासपीठ आणि मार्गिका, भाषण आणि मसुदा, ही मुत्सद्देगिरीची दोन अंगे या सभांमध्ये विद्यार्थी शिकतो. मेनन यांच्या आयुष्यात ही दोन्ही अंगे टोकाची दिसतात. म्हणूनच एका ओळीच्या उत्तरापलीकडे जाऊन त्यांचे चरित्र पाहणे आवश्यक ठरते.

मलबार ते लंडन

वेंगालिल कृष्णन कृष्ण मेनन यांचा जन्म १८९६ साली मलबारमधील एका सधन घराण्यात झाला. वडील नामवंत वकील होते. कोझिकोडे येथील झामोरिन महाविद्यालय आणि मद्रासचे प्रेसिडेन्सी महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. वडिलांप्रमाणे मुलानेही वकिली करावी, अशी घरची अपेक्षा होती. मद्रासमध्ये कायद्याचा अभ्यास करताना मात्र ते अ‍ॅनी बेझंट यांच्या थिऑसॉफी आणि होमरूल चळवळीकडे ओढले गेले. बेझंट यांच्याच प्रोत्साहनाने १९२४ मध्ये ते इंग्लंडला गेले. अल्पकाळासाठी गेलेला हा तरुण पुढची जवळजवळ तीन दशके तिथेच राहिला.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली त्यांची राजकीय घडण झाली. १९३४ मध्ये ते बॅरिस्टर झाले. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. ‘इंडिया लीग’ या संस्थेची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली आणि भारताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ब्रिटिश जनतेपुढे मांडण्याला स्वतःला वाहून घेतले. सभा घेणे, पत्रके काढणे, मजूर पक्षाच्या खासदारांच्या भेटी घेणे, वृत्तपत्रांना पत्रे लिहिणे, हे काम अल्प साधनांनिशी वर्षानुवर्षे चालले. १९३२ मध्ये लीगचे एक शिष्टमंडळ भारतात आले. कायदेभंगाच्या काळातील दडपशाहीची पाहणी करून त्याने तयार केलेल्या अहवालाला बर्ट्रांड रसेल यांची प्रस्तावना होती. स्वतः मेनन यांचे राहणे मात्र अत्यंत काटकसरीचे होते. चहाचे असंख्य पेले आणि थोडेसे खाणे यावर त्यांचा दिवस निघे. प्रकृतीची हेळसांड त्याच काळात सुरू झाली आणि ती आयुष्यभर राहिली.

१९३४ ते १९४७ या काळात ते लंडनमधील सेंट पँक्रस या विभागाचे नगरसेवक होते. तेथील सार्वजनिक वाचनालयांच्या वाढीत त्यांनी विशेष लक्ष घातले. पुस्तकांशी त्यांचे नाते केवळ वाचकाचे नव्हते. ‘पेंग्विन’ प्रकाशनाने १९३७ मध्ये ‘पेलिकन’ ही गंभीर विषयांवरील स्वस्त पुस्तकांची माला सुरू केली, तिच्या आरंभीच्या संपादकांत मेनन होते. ज्ञान सामान्य माणसाच्या खिशाला परवडले पाहिजे, हा त्या मालेमागचा विचार होता. प्रकाशक अ‍ॅलन लेन यांच्याशी मात्र त्यांचे फार काळ पटले नाही. सहकाऱ्यांशी खटके उडणे हा त्यांच्या आयुष्याचा स्थायीभाव पुढेही कायम राहिला.

याच काळात जवाहरलाल नेहरूंशी त्यांचा स्नेह जुळला. १९३५-३६ मधील नेहरूंच्या लंडनभेटीची व्यवस्था मेनन यांनी पाहिली. १९३८ मध्ये दोघे यादवीने होरपळलेल्या स्पेनमध्ये एकत्र गेले. जगाकडे पाहण्याची दोघांची दृष्टी बरीचशी समान होती. साम्राज्यशाहीविषयी चीड, समाजवादाचे आकर्षण आणि नवस्वतंत्र देशांना स्वतःचा आवाज असावा हा आग्रह, या तीन सूत्रांवर ही मैत्री उभी राहिली. मेनन यांचे पुढचे सारे यश आणि सारे संरक्षण या मैत्रीतून आले.

स्वातंत्र्यानंतर मेनन ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त झाले. प्रजासत्ताक झालेल्या भारताला राजमुकुटाशी निष्ठा न ठेवता राष्ट्रकुलात राहता यावे, यासाठी १९४९ मध्ये जो तोडगा निघाला, त्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता. मात्र याच कारकिर्दीला लष्करासाठी केलेल्या जीपखरेदीचा डाग लागला. सुमारे ८० लाख रुपयांच्या या व्यवहारात आलेल्या जीपगाड्या वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या. संसदेत प्रचंड गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारने हे प्रकरण बंद केले आणि पुढच्याच वर्षी मेनन बिनखात्याचे मंत्री म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळात दाखल झाले. विरोधकांना हे कधीच विसरता आले नाही.

चोपन्न मतांचा ठराव

मेनन यांच्या मुत्सद्देगिरीचा सर्वोच्च क्षण कोणता, असे विचारले तर अनेक जण १९५७ च्या भाषणाकडे बोट दाखवतील. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक मात्र पाच वर्षे मागे, १९५२ च्या हिवाळ्याकडे जातात.

कोरियाचे युद्ध जून १९५० मध्ये सुरू झाले. जुलै १९५१ पासून शस्त्रसंधीच्या वाटाघाटी चालू होत्या. युद्धविरामाची रेषा, देखरेखीची व्यवस्था असे बहुतेक मुद्दे निकालात निघाले. अडले ते युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यातील हजारो चिनी व उत्तर कोरियन कैद्यांना मायदेशी परतायचे नव्हते. युद्ध संपताच सर्व कैदी विनाविलंब परत करावेत, या १९४९ च्या जिनिव्हा करारातील तरतुदीवर चीन व उत्तर कोरिया बोट ठेवत होते. कोणत्याही कैद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध परत धाडणार नाही, यावर अमेरिका ठाम होती. दोन्ही बाजूंना माघार घेणे अशक्य वाटत होते आणि या एका मुद्द्यापायी आघाडीवर रोज माणसे मरत होती.

आमसभेच्या अधिवेशनात भारताच्या वतीने मेनन यांनी नोव्हेंबरमध्ये एक ठराव पुढे आणला. त्यातील कल्पना अशी होती : चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, स्वीडन आणि स्वित्झर्लंड या चार देशांचा आयोग नेमावा. मतभेद झाल्यास निर्णय देण्यासाठी एक पंच असावा. कैदी या आयोगाच्या स्वाधीन करावेत. त्यांना परत जाण्यासाठी किंवा न जाण्यासाठी बळाचा वापर होऊ नये. या मांडणीत कैद्यांचा परत जाण्याचा हक्क मान्य होत होता आणि त्यांच्यावरील सक्तीही टळत होती. दोन्ही पक्षांना आपले तत्त्व शाबूत राहिले, असे म्हणता येईल इतकी जागा त्या वाक्यरचनेत ठेवलेली होती.

मसुदा प्रथम कोणालाच पसंत नव्हता. जे कैदी अखेरपर्यंत परत जाण्यास नकार देतील त्यांचे काय, याचे स्पष्ट उत्तर त्यात नसल्याने ते अनिश्चित काळ कोठडीत राहतील, असा आक्षेप अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी घेतला. ब्रिटनचे अँथनी ईडन आणि आमसभेचे अध्यक्ष असलेले कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांचा कल मात्र भारताच्या बाजूने होता. मेनन एका शिष्टमंडळाकडून दुसऱ्याकडे जात राहिले आणि मसुदा पुनःपुन्हा लिहिला गेला. नव्वद दिवसांनंतर उरलेल्या कैद्यांचा प्रश्न राजकीय परिषदेकडे जाईल आणि त्यानंतर तीस दिवसांत तोडगा न निघाल्यास त्यांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांकडे येईल, अशी दुरुस्ती झाली. दरम्यान सोव्हिएत प्रतिनिधी व्हिशिन्स्की यांनी या ठरावावर कडाडून हल्ला चढवला. त्यामुळे अमेरिकेचा विरोध आपोआप मावळला. ३ डिसेंबर १९५२ रोजी ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला.

चीन आणि उत्तर कोरियाने तो लगेच फेटाळला. त्या वेळी अनेकांना हे अपयश वाटले. परंतु मार्च १९५३ मध्ये स्टालिन यांचे निधन झाले, दोन्ही गटांची भाषा मऊ झाली आणि नव्या वाटाघाटींत याच ठरावाचा सांगाडा कामी आला. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगात आता भारत पाचवा सदस्य आणि अध्यक्ष होता. अध्यक्षपदी जनरल थिमय्या होते, तर कैद्यांच्या रखवालीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूर जिल्ह्यातील मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. बावीस हजारांहून अधिक कैदी या दलाच्या ताब्यात आले. छावण्यांमध्ये दंगेधोपे होत होते आणि दोन्ही बाजूंकडून पक्षपाताचे आरोप होत होते. तरीही थोरातांच्या दलाने संयमाने हे काम पार पाडले. कोणत्याच कोरियात किंवा चीनमध्ये जाण्याची इच्छा नसलेले काही कैदी शेवटी याच दलाबरोबर भारतात आले.

अभिरूप सभेतील विद्यार्थ्यांना मसुद्यातील एका शब्दावर तासभर वाद घालणे अनेकदा निरर्थक वाटते. डिसेंबर १९५२ चा ठराव हे त्याचे उत्तर आहे. त्यातील काही वाक्यांवर हजारो माणसे कुठल्या देशात जगणार हे ठरले.

खुर्ची नसलेला प्रतिनिधी

१९५४ मध्ये कोरिया आणि इंडोचायनाच्या प्रश्नावर जिनिव्हात परिषद भरली. भारताला तिचे निमंत्रण नव्हते. तरीही मेनन तेथे पोहोचले. सभागृहात खुर्ची नसल्याने त्यांनी हॉटेलांच्या खोल्या आणि निवासस्थाने हेच आपले सभागृह केले. चीनचे चौ एन-लाय, ब्रिटनचे ईडन, सोव्हिएत संघाचे मोलोटोव्ह यांच्याशी त्यांच्या अखंड भेटीगाठी चालल्या. जुलैमध्ये करार झाले तेव्हा व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातील देखरेख आयोगांचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड हे त्यातील अन्य सदस्य होते. निमंत्रण नसलेल्या देशाकडे करार राबवण्याची जबाबदारी यावी, ही लहान गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी चीनच्या ताब्यातील अमेरिकी वैमानिकांच्या प्रश्नावरही मेनन पेकिंगला गेले आणि त्यानंतर चार वैमानिकांची सुटका झाली.

सुएझच्या पेचप्रसंगात त्यांची तीच धडपड दिसते. इजिप्तने जुलै १९५६ मध्ये कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर लंडनमध्ये बावीस देशांची परिषद भरली. इजिप्तचे सार्वभौमत्व मान्य करून वापरकर्त्या देशांना सल्लामसलतीचा अधिकार देणारी योजना मेनन यांनी मांडली. अठरा देश अमेरिकेच्या प्रस्तावामागे गेले. भारताबरोबर सोव्हिएत संघ, इंडोनेशिया आणि सिलोन एवढेच राहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल, ब्रिटन व फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा भारताने त्याचा तीव्र निषेध केला.

मात्र त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि भारताची जीभ अडखळली. ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. ९ नोव्हेंबरला हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात, असा ठराव आला तेव्हा मेनन यांनी सोव्हिएत गटाबरोबर विरोधी मत नोंदवले. बाहेरच्या देखरेखीखालील मतदानाची कल्पना एकदा मान्य केली तर काश्मीरच्या प्रश्नात ती भारतावर उलटेल, ही भीती त्यामागे होती. ही भीती निराधार नव्हती. तरीही एका आक्रमणाला एक माप आणि दुसऱ्याला वेगळे, ही टीका भारताला ऐकावी लागली. देशातही जयप्रकाश नारायण यांच्यासारख्यांनी उघड नापसंती व्यक्त केली. अलिप्ततेची जी नैतिक पुंजी कोरिया आणि इंडोचायनात जमा झाली होती, तिला या एका मताने मोठी गळती लागली.

भाषण आणि मतदान

या पार्श्वभूमीवर जानेवारी १९५७ मध्ये काश्मीरचा प्रश्न पुन्हा सुरक्षा परिषदेत आला. जम्मू-काश्मीरच्या घटना समितीने तयार केलेली राज्यघटना २६ जानेवारीपासून अमलात येणार होती आणि त्याआधी परिषदेने हस्तक्षेप करावा, अशी पाकिस्तानची मागणी होती. मेनन २३ जानेवारीला बोलायला उभे राहिले. सकाळची बैठक संपली, दुपारची संपली, दुसरा दिवस उजाडला, तरी त्यांचे निवेदन चालूच होते. ज्याला एक भाषण म्हटले जाते ते प्रत्यक्षात दोन दिवसांतील तीन बैठकांत पसरलेले होते. एकूण कालावधी सात तास अठ्ठेचाळीस मिनिटे मानला जातो. या ताणाने ते कोसळले आणि त्यांच्यावर उपचार करावे लागले. सामान्यज्ञानाच्या अभ्यासकांनी येथे एक भेद लक्षात ठेवावा. आमसभेतील दीर्घ भाषणाचा विक्रम क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो यांच्या नावावर आहे. सप्टेंबर १९६० मधील ते भाषण सुमारे साडेचार तासांचे होते. मेनन यांचा विक्रम सुरक्षा परिषदेतील आहे.

भाषणातील युक्तिवाद नेमका होता. भारत परिषदेकडे जमिनीच्या वाटणीसाठी आलेला नव्हता. जानेवारी १९४८ मध्ये तो आक्रमणाची तक्रार घेऊन आला होता. संस्थानाचे विलीनीकरण ऑक्टोबर १९४७ मध्ये कायदेशीररीत्या झाले होते. ऑगस्ट १९४८ च्या ठरावात पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी युद्धविराम, मग पाकिस्तानी फौजांची माघार आणि त्यानंतर सार्वमताचा विचार, असा तो क्रम होता. मधली पायरीच पूर्ण झालेली नसताना शेवटची मागता येत नाही. शिवाय १९५४ पासून पाकिस्तानला मिळू लागलेल्या अमेरिकी शस्त्रास्त्रांमुळे परिस्थितीच पालटली होती. भारताची ही बाजू इतक्या तपशिलाने यापूर्वी परिषदेपुढे आली नव्हती.

मायदेशी या भाषणाने मेनन यांना वीराचे वलय दिले. परिषदेतील निकाल मात्र वेगळा लागला. ज्या दिवशी भाषण संपले त्याच दिवशी, २४ जानेवारीला, घटना समितीच्या कृतीने राज्याच्या भवितव्याचा निर्णय होत नाही, असे सांगणारा ठराव परिषदेने दहा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. सोव्हिएत संघ तटस्थ राहिला. फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांचे सैन्य काश्मीरमध्ये धाडण्याच्या सूचनेचा समावेश असलेला ठराव आला. २० तारखेला सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला आणि भारत मोठ्या अडचणीतून वाचला. त्यानंतर स्वीडनचे गुन्नार यारिंग यांना उपखंडात पाठवण्याचा सौम्य ठराव मंजूर झाला.

दोन प्रसंग शेजारी ठेवले की फरक उघड होतो. १९५२ मध्ये शेवटचे मत जुळेपर्यंत मसुदा बदलत राहिला आणि ५४ देश बरोबर आले. १९५७ मध्ये भूमिका तसूभर बदलायची नव्हती, श्रोत्यांपैकी बहुतेकांची मते आधीच ठरली होती आणि विक्रमी भाषणाने एकही मत वळले नाही. याचा अर्थ ते भाषण वाया गेले असा नाही. भारताची कैफियत कायमची नोंदली गेली आणि पुढील प्रतिनिधींना ती उपयोगी पडली. परंतु नोंद होणे आणि मत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईचे खासदार

भाषणानंतर लगेचच झालेल्या १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत मेनन उत्तर मुंबईतून निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेसची राज्यभर वाताहत होत असताना मिळालेला हा विजय लक्षणीय होता. एप्रिलमध्ये ते संरक्षणमंत्री झाले. १९६२ मध्ये याच शहराने त्यांना आचार्य कृपलानींविरुद्ध सुमारे १ लाख ४५ हजारांच्या मताधिक्याने पुन्हा लोकसभेत पाठवले. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला होता. त्या निर्णयामागील आग्रही व्यक्तींमध्ये संरक्षणमंत्री मेनन अग्रभागी होते. त्याही वेळी सुरक्षा परिषदेत भारतविरोधी ठरावाला सात मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकारानेच तो रोखला गेला.

संरक्षणमंत्री म्हणून त्यांच्या खात्यावर काही ठोस कामे जमा आहेत. संरक्षण संशोधन व विकास संघटना १९५८ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. शस्त्रास्त्रांचे उत्पादन देशातच व्हावे हा त्यांचा आग्रह होता. सैनिकी शाळांची योजना त्यांच्याच काळातील. देशातील पहिली सैनिकी शाळा जून १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली.

दुसऱ्या बाजूला लष्करातील ज्येष्ठ अधिकाऱ्यांशी त्यांचे संबंध बिघडत गेले. बढत्यांमधील हस्तक्षेपाच्या तक्रारी वाढल्या. कोरियातील आयोगाचे अध्यक्ष राहिलेले थिमय्या आता लष्करप्रमुख होते. १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहाखातर तो परत घेतला.

अभिरूप सरावाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी घटना याच काळातली आहे. कोरियातील रखवाली दलाचे प्रमुख थोरात तेव्हा लेफ्टनंट जनरल आणि पूर्व विभागाचे सेनापती होते. चीनने ईशान्य सीमेवर हल्ला केला तर काय होईल, याचा आराखडा त्यांनी १९५९ मध्ये तयार केला आणि मार्च १९६० मध्ये लखनौत ‘लाल किल्ला’ या नावाने त्याचा सरावही घेतला. शत्रूच्या भूमिकेत जाऊन त्याच्या चालींचा अंदाज घेणे, हाच अशा सरावाचा गाभा असतो. उपलब्ध सैन्य आणि रसद अपुरी आहे, थेट सीमारेषेवर विखुरलेल्या ठाण्यांवर लढणे शक्य नाही, मागे भक्कम रेषा धरावी लागेल, असा त्याचा निष्कर्ष होता. थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवल्यानुसार मेनन यांनी हा आराखडा गांभीर्याने घेतला नाही. आवश्यकता पडल्यास चीनला आपण राजनैतिक मार्गाने रोखू, अशी त्यांची धारणा होती. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला आणि ईशान्येतील ठाणी एकापाठोपाठ एक पडली. पराभवाचा सारा दोष एकट्या मेनन यांचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. चीनविषयीचे आकलन पंतप्रधानांचेही चुकले होते, पुढे सरकून ठाणी उभारण्याचे धोरण सामूहिक होते आणि लष्करी नेतृत्वाचेही दोष होते. परंतु जगातील प्रत्येक वाटाघाटीत समोरच्याचे मन ओळखणाऱ्या मुत्सद्द्याला आपल्याच सेनापतीचा इशारा ओळखता आला नाही, हे सत्य उरतेच. संसदेतील आणि पक्षातील संताप इतका वाढला की नेहरूही त्यांना वाचवू शकले नाहीत. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याची भावना मराठी मनात तेव्हापासून रुजली, तिची दुसरी बाजू मेनन यांचा हा अस्त होती.

उतरती सावली

१९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून उमेदवारी नाकारली. पक्ष सोडून ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. पाच वर्षांपूर्वी त्यांना डोक्यावर घेणाऱ्या शहरातील हवा पालटली होती. वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या शिवसेनेने त्यांच्या विरोधात प्रचार केला. सनदी सेवेतून राजकारणात आलेले काँग्रेसचे स. गो. बर्वे विजयी झाले. बर्वे यांचे लगेचच मार्चमध्ये निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. ज्या मतदारांनी त्यांना जागतिक व्यासपीठावरील पराक्रमासाठी निवडले होते, त्यांनीच त्यांना परके ठरवले.

मेनन मात्र थांबले नाहीत. १९६९ मध्ये पश्चिम बंगालमधील मिदनापूरच्या पोटनिवडणुकीत आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधून ते अपक्ष म्हणून लोकसभेत आले. उतारवयात सर्वोच्च न्यायालयात त्यांनी वकिलीही केली. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांनी विवाह केला नव्हता आणि मागे संपत्तीही फारशी ठेवली नव्हती.

पश्चिमेत त्यांच्याविषयी कटुता होती, भारतात त्यांचे भक्त आणि द्वेष्टे दोन्ही होते. त्यांची जीभ धारदार होती आणि ती मित्रांनाही सोडत नसे. नवस्वतंत्र आणि दरिद्री देशाने महासत्तांच्या बैठकीत मान ताठ ठेवून बोलावे, ही त्यांची जिद्द खरी होती. त्याच जिद्दीचा अहंकार झाला तेव्हा त्याची किंमत देशालाही मोजावी लागली.

अभिरूप सभेत एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला भारत येतो, तेव्हा तो साहजिकच १९५७ च्या भाषणाची आठवण काढतो. त्याने १९५२ च्या ठरावाचा मसुदाही मिळवून वाचावा. आमसभेच्या सातव्या अधिवेशनातील ६१० क्रमांकाचा तो ठराव आहे. आणि ज्याच्या वाट्याला चीन किंवा पाकिस्तान येतो, त्याने लखनौचा १९६० मधील सराव लक्षात ठेवावा. दुसऱ्याच्या जागी बसून पाहिलेले चित्र अप्रिय असले तरी ते गांभीर्याने घ्यावे लागते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मेनन यांच्या नावापुढे तासांचा आकडा आहे. त्याशेजारी ५४ हा मतांचा आकडाही छापला जायला हवा.